बारा ट्रंका आणि एक निवड

एखाद्या नव्या कलाप्रकाराचे नाव कानी पडले की सुशिक्षित मनुष्याच्या मनात दोन भावना एकदम उठतात. आपण काळाच्या मागे पडू नये ही एक. आणि आपल्याला कोणी बनवीत तर नाही ना, ही दुसरी. ‘मांडणशिल्प’ हा शब्द मराठीत रुळून आता पुष्कळ वर्षे झाली. तरीही तो ऐकताच या दोन्ही भावना अद्याप जाग्या होतात, आणि बहुधा दुसरीचाच जय होतो. पाहून आलेला गृहस्थ घरी येऊन सांगतो की तिकडे काही जुन्या पेट्या मांडल्या होत्या, भिंतींवर चित्रे हलत होती, कानठळ्या बसविणारा आवाज होता, आणि यात कला कोणती ते समजले नाही. या गृहस्थास हसण्याची आमची इच्छा नाही. त्याचा प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर मात्र क्वचितच मिळते. कारण या कलेचे कैवारी तिची स्तुती करतात, तिचे विरोधक तिची टवाळी करतात, आणि तिची परीक्षा कशी करावी हे सांगण्याचे काम दोघांच्याही हातून राहून जाते. त्या परीक्षेचा एक अल्प प्रयत्न आम्ही येथे करणार आहोत.

प्रथम ही कला आहे तरी काय ते पाहू. चित्राला चौकट असते, मूर्तीला चौथरा असतो, नाटकाला पडदा असतो. कलाकृती पलीकडे आणि आपण अलीकडे, अशी सीमा या तिन्ही वस्तू आखून देतात. मांडणशिल्पात ही सीमाच काढून टाकलेली असते. प्रेक्षक कलाकृतीच्या पोटात शिरतो. डोळ्यांना चित्र दिसते, कानांवर शब्द पडतात, पावलांना जमीन निराळी लागते, कधी कधी नाकालाही काही सांगितले जाते. आणि कोणत्या बाजूने जावे, कोठे थांबावे, केव्हा निघावे हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते. म्हणूनच या कलेविषयी लिहिणाऱ्यांच्या लेखणीतून दोन शब्द वारंवार उतरतात. एक ‘निवड’ आणि दुसरा ‘स्मृती’. प्रेक्षक आपला मार्ग आपण निवडतो, आणि इंद्रियांना मिळालेल्या हेलकाव्याने त्याच्या मनातील जुन्या आठवणी वर येतात, असा या कलेचा दावा असतो.

दावा मोठा आहे. पण तो करणे फार सोपे झाले आहे. डच चित्रकार व्हॅन गॉग याची चित्रे यंत्राच्या प्रकाशझोताने भिंतींवर, छतावर आणि जमिनीवर पसरून दाखविणारी प्रदर्शने गेल्या काही वर्षांत जगभर झाली, मुंबईतही झाली. तिकीट काढावे, आत जावे, सूर्यफुलांच्या पिवळ्या पुरात उभे राहावे, संगीत ऐकावे, छायाचित्र काढून घ्यावे आणि बाहेर पडावे. तेथेही मनुष्य कोठेही उभा राहावयास मोकळा असतो. परंतु तो कोठेही उभा राहिला तरी काही बिघडत नाही. या कोपऱ्यात जे आहे तेच त्या कोपऱ्यात आहे. जेथे काहीच गमवावे लागत नाही तेथे निवड झाली असे म्हणणे म्हणजे शब्दाचा अपमान आहे. पंगतीत सगळेच पदार्थ पानात पडत असतील तर जेवणाऱ्याने निवडले काय? आमच्या मते या कलेची पहिली कसोटी हीच असावी की, प्रेक्षकास निवड देताना कलावंताने त्याच्यावर काय गमावण्याची पाळी आणली.

दुसरी कसोटी स्मृतीची. येथे आपल्या घरचेच एक उदाहरण उपयोगी पडेल. कालिदासाच्या शाकुंतलात पाचव्या अंकाच्या आरंभी हंसपदिकेचे गाणे दुष्यंताच्या कानी पडते आणि त्याचे मन उगीच कष्टी होते. कोणाच्या आठवणीने, ते मात्र त्याचे त्यालाच उमगत नाही. पुढे कोळ्याला सापडलेली अंगठी त्याच्या हाती येते, तेव्हा सर्व काही एकदम आठवते, आणि आपण काय केले हेही त्याच क्षणी कळते. स्मृतीच्या या दोन तऱ्हा आहेत. गाण्याने जागी होणारी स्मृती गोड हुरहुर लावते आणि निघून जाते. अंगठीने जागी होणारी स्मृती मनुष्याला त्याच्या कृत्यासमोर उभे करते. इंद्रियांना गुंगविणारी पुष्कळशी मांडणशिल्पे गाण्याच्या जातीची असतात. अंगठीच्या जातीचे मांडणशिल्प विरळा.

इंद्रियांना घेरून टाकणारी कला परदेशातून आली, असा एक समज आपल्याकडे आहे. तो दूर करण्यास अंबरनाथच्या रहिवाशाला रूळ ओलांडून पूर्वेस जाण्याइतकेच श्रम पुरतात. वालधुनीच्या काठी उभे असलेले शिलाहारांचे शिवालय शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, शिलालेख अंगावर बाळगून आहे. त्याच्या बाह्यांगावर शिल्पांची इतकी दाटी आहे की दृष्टी कोठे ठरत नाही. पण मंडपातून गाभाऱ्याकडे वळले की पायऱ्या वर चढण्याऐवजी खाली उतरतात. उजेड मागे राहतो, दगडाचा गारवा तळपायांना लागतो, ओल्या बेलपानांचा वास येतो, घंटेचा नाद भिंतींत फिरतो, आणि डोळे अंधाराला सरावल्यावर मग लिंगाचे दर्शन होते. पाहणाऱ्याच्या देहाला एका विशिष्ट क्रमाने चालविणे आणि त्या चालण्यातून त्याच्या मनाची अवस्था पालटणे, हे तंत्र आपल्या स्थपतींना नऊशे साठांहून अधिक वर्षांपूर्वी पूर्णपणे अवगत होते. भेद आहे तो निराळाच. देवळात वाट एकच असते आणि ती सर्वांना सारखी असते. तेथे जागी होणारी स्मृती सगळ्या समाजाची असते. आधुनिक मांडणशिल्पात वाट ज्याची त्याची असते आणि स्मृतीही ज्याची त्याची. एकट्या मनुष्याला एकटेपणीच काही विचारणे हे या कलेचे खरे काम होय.

या दोन्ही कसोट्यांना उतरणारी एक कृती आमच्या दृष्टीसमोर आहे, आणि ती मुंबईतच जन्मास आली. नलिनी मलानी यांचे ‘रिमेंबरिंग टोबा टेकसिंग’ हे मांडणशिल्प १९९८ सालचे. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, ते मांडले गेले. मलानी यांचा जन्म १९४६ साली कराचीचा. फाळणीने त्यांच्या कुटुंबास तेथून उठविले. ते प्रथम कलकत्त्यास आणि नंतर मुंबईस आले. सर ज. जी. कलाशाळेत त्यांचे शिक्षण झाले. पुढे पॅरिसच्या पाँपिदू केंद्राने २०१७ साली त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचे प्रदर्शन भरविले आणि २०२३ साली जपानचा क्योतो पुरस्कार त्यांना मिळाला. परंतु परदेशच्या गौरवावरून कृतीचे मोल ठरवू नये. म्हणून आपण कृतीकडेच वळू.

दालनाच्या जमिनीवर माइलर या चकचकीत प्लास्टिकचे आच्छादन आहे. त्यात वरचे सारे उलटे दिसते, पाहणाराही दिसतो. त्या जमिनीवर पत्र्याच्या बारा ट्रंका उघड्या ठेवलेल्या आहेत आणि प्रत्येक ट्रंकेत एक दूरदर्शनचा संच चालू आहे. त्यांत घरादारांस मुकलेल्या माणसांची चित्रे हलतात. समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन स्त्रिया दिसतात, एक हिंदुस्थानातील आणि एक पाकिस्तानातील. दोघी मिळून एक साडी घडी करू पाहतात. एक टोक या भिंतीवर, दुसरे टोक त्या भिंतीवर, मधले सारे दालन रिकामे. घडी काही पडत नाही. उरलेल्या बाजूस अणुस्फोटाची छत्रे उमलतात. १९९८ च्या मे महिन्यात पोखरणला आणि त्यापाठोपाठ चगाईला जे स्फोट झाले, त्यांची ती सावली आहे. सआदत हसन मंटो यांच्या कथेचे शब्द कानांवर येत राहतात. सुमारे २० मिनिटांत हे चक्र पुरे होते आणि पुन्हा सुरू होते.

मंटो यांची ती कथा पुष्कळ वाचकांच्या परिचयाची असेल. फाळणीनंतर काही वर्षांनी दोन्ही सरकारांच्या ध्यानात येते की कैद्यांप्रमाणे वेड्यांचीही अदलाबदल व्हावयास हवी. लाहोरच्या वेड्यांच्या इस्पितळात बिशनसिंग नावाचा एक शीख आहे. पंधरा वर्षे तो पायांवर उभा आहे. त्याचे गाव टोबा टेकसिंग. ते गाव आता कोणत्या देशात गेले, एवढे एकच तो विचारीत असतो आणि धड उत्तर कोणी देत नाही. अखेरीस सरहद्दीवर त्याला पलीकडे नेऊ लागतात तेव्हा तो हलत नाही. आणि दोन देशांच्या कुंपणांमध्ये जो कोणाचाच नसलेला जमिनीचा पट्टा, त्यावर तो कोसळतो. याच कथेतील दुसरा एक वेडा झाडावर चढून बसतो आणि दोन्ही देश नाकारून झाडावरच राहण्याचा हट्ट धरतो. शहाण्या माणसांनी दोहोंपैकी एक निवडले. वेड्यांनी मात्र ज्या निवडीत आपणांस कोणी विचारलेच नाही ती मान्य केली नाही. मंटो स्वतः मुंबईच्या चित्रपटव्यवसायात रमलेला लेखक. १९४८ च्या आरंभी तो लाहोरास गेला आणि १९५५ साली तेथेच वारला. आपली निवड आपली होती की नव्हती, हा प्रश्न त्याच्या लेखणीला अखेरपर्यंत सुटला नाही असे ती कथा वाचताना वाटते.

आता ट्रंकांकडे पाहू. कारण आमच्या मते या कृतीचे मर्म तेथे आहे. ट्रंक हे निवडीचे सर्वांत कठोर पात्र होय. घर सोडावयाचे आहे, गाडी सुटणार आहे, हातात पत्र्याची एक पेटी आहे. तिच्यात काय घालावे? दागिने घालावेत की मुलांचे उबदार कपडे? जमिनीचे कागद घालावेत की देव्हाऱ्यातला देव? पेटीची लांबीरुंदी ठरलेली असते. जे आत गेले त्याची आठवण पुढे वस्तू म्हणून राहते, आणि जे बाहेर राहिले त्याची आठवण सल म्हणून राहते. ज्या मनुष्याला आपण कोणत्या देशात राहावयाचे हे ठरविता आले नाही, त्याला एवढेच ठरविता आले. इतिहासाने मोठी निवड काढून घेतली आणि लहान निवड हातात ठेवली. तीही अशी की जन्मभर पुरावी.

कलावंताने या बारा पेट्या दालनभर विखरून ठेवल्या आहेत, आणि त्या उभ्याने नीट दिसत नाहीत. वाकावे लागते. एका पेटीवर वाकले की उरलेल्या अकरा सुटतात. वाकलेले असताना भिंतीवरच्या त्या दोन स्त्रियांकडे पाठ होते. मान वर करून स्त्रियांकडे पाहिले तर पेटीतला चेहरा निघून गेलेला असतो. भिंती एकमेकींसमोर असल्याने दोन्ही स्त्रिया एकाच वेळी डोळ्यांत मावत नाहीत. एकीकडे पाहावयाचे तर दुसरीकडे पाठ फिरवावीच लागते. सगळे पाहणे येथे अशक्य करून ठेवले आहे. त्या अशक्यतेतूनच प्रेक्षक, आपल्याला कोणी शिकविल्याशिवाय, त्या जुन्या प्रवाशाची हालचाल पुन्हा करतो. तो पेटीवर वाकतो आणि वाकता वाकता काहीतरी गमावतो. खाली चकचकीत जमिनीत स्फोटाच्या ज्वाळांबरोबर त्याचे स्वतःचे पायही त्याला दिसतात. आपण येथे उभे आहोत, हे विसरण्याची सोय त्याला ठेवलेली नाही. व्हॅन गॉगच्या पिवळ्या पुरात आणि या दालनात हा जो भेद आहे तो साधनांचा मुळीच नाही. यंत्रे तीच, प्रकाश तोच, अंधारही तोच. एकीकडे प्रेक्षकाला स्वतःचा विसर पडावा अशी योजना आहे. दुसरीकडे त्याला स्वतःची जागा दाखविली जाते.

या कृतीचा उल्लेख करताना आमच्या डोळ्यांसमोर वारंवार एक विशिष्ट टापू येतो. अंबरनाथ पश्चिमेची वस्ती जेथे संपते तेथेच उल्हासनगरचा कॅम्प लागतो. महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्करी तळ उभारला होता. १९४७ नंतर त्याच्या ओसाड बराकींत सिंधमधून आलेले सुमारे एक लाख लोक आणून ठेवण्यात आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून त्या छावणीचे उल्हासनगर झाले. शहर झाले, बाजार झाले, कारखाने झाले. पण कॅम्प नंबर आणि बराक नंबर पत्त्यांत अजून टिकून आहेत. जे लोक पुढे कष्टाने सुखवस्तू झाले, त्यांच्या पत्त्याने मात्र छावणी सोडली नाही. मलानी यांचे कुटुंब या बराकींत राहिले नाही. परंतु कराचीहून निघालेल्या ज्या ट्रंका त्यांनी संग्रहालयाच्या दालनात मांडल्या, तशाच ट्रंका या बराकींतही उतरल्या होत्या.

ट्रंक ही केवळ सिंधी किंवा पंजाबी वस्तूही नव्हे, हे मराठी वाचकांस आम्ही सांगण्याची आवश्यकता नाही. अंबरनाथ पश्चिमेस विम्कोचा आगपेट्यांचा कारखाना आणि सरकारची ऑर्डनन्स फॅक्टरी यांच्या नोकरीसाठी कोकणातून आणि देशावरून जी माणसे आली, त्यांच्याही खाटेखाली पत्र्याची पेटी होतीच. कोणाची बोटीने मुंबईस आली, कोणाची लग्नात मुलीबरोबर आली, कोणाची नोकरीच्या गावोगाव बदल्यांबरोबर हिंडली. झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटविलेले देवाचे चित्र, डांबराच्या गोळ्यांचा वास, कडी उघडताना होणारा तो पत्र्याचा विशिष्ट करकराट, या गोष्टी ज्याने अनुभविल्या त्याला ट्रंकेचा अर्थ सांगावा लागत नाही. पण या दोन पेट्यांत एक भेद आहे आणि तो झाकला जाऊ नये. कोकणातला मनुष्य आपली पेटी घेऊन शिमग्याला, गणपतीला परत जाऊ शके. सिंधमधून आलेल्या पेटीला परतीचा रस्ता नव्हता. आपल्या ट्रंकेच्या आठवणीने आपण त्या दुसऱ्या ट्रंकेपर्यंत पोहोचावे, आणि तेथे पोहोचल्यावर दोहोंतले अंतरही जाणावे, एवढे काम या कलेने केले तरी ती कृतार्थ झाली.

इतके सांगितल्यावर आता दोषांकडे वळणे भाग आहे. कारण कृती थोर असली म्हणजे निर्दोष असतेच असे नाही.

पहिला दोष साडीचा. दोन देशांना जोडू पाहणारे आणि न जोडले जाणारे वस्त्र म्हणून साडीची योजना डोळ्यांस फार सुंदर दिसते. सहा वार लांबीचे, शिवण नसलेले वस्त्र, आणि त्याची घडी घालण्यास लागणारे दोन माणसांचे चार हात. घराघरांत संध्याकाळी दिसणारे हे दृश्य इतके मोठे होऊ शकेल हे सुचणे ही प्रतिभाच होय. परंतु सिंधमधून आणि पश्चिम पंजाबातून त्या काळी निघालेल्या सामान्य स्त्रियांचा नित्याचा पोशाख सुथण किंवा सलवार होता. साडी त्यांच्यातील बहुतेकींनी येथे आल्यावर अधिक जवळ केली. तेव्हा जे वस्त्र दोघींचे सामाईक म्हणून दाखविले आहे ते दोघींचे सारखे नाही. त्यात अलीकडच्या बाजूचा रंग अधिक आहे. हा मुद्दा बारीक आहे, पण ज्या कृतीचा सारा भर वस्तूंच्या खरेपणावर आहे तिला बारीक मुद्दाच विचारावा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अणुस्फोटाचे चित्र इतके प्रचंड आहे की त्यापुढे ट्रंकेतला लहानसा चेहरा टिकाव धरीत नाही. फाळणी आणि अणुबाँब यांचा संबंध कलावंताने जोडला तो विचाराच्या दृष्टीने अगदी योग्य आहे. एकदा रेघ ओढली की तिच्या दोन्ही बाजूंस शस्त्रे साठत जातात, आणि १९४७ च्या रेघेचे १९९८ साली काय झाले ते सर्वांनी पाहिले. पण विचार योग्य असला तरी इंद्रियांचे गणित निराळे असते. मोठा आवाज लहान आवाजाला खातो. स्फोटाने छाती दडपलेला प्रेक्षक पेटीवर वाकावयास विसरण्याचा संभव आहे. आणि तो वाकला नाही तर या कृतीतील जी खरी निवड, तीच त्याच्या हातून राहून जाते. कलावंताचे समर्थक म्हणतील की इतिहासातही असेच घडते, मोठ्या घटनेच्या गोंगाटात लहान माणसे अशीच बुडतात. हे उत्तर चतुर आहे, परंतु आमचे समाधान करीत नाही. इतिहासाचा अन्याय दाखवावा. त्याची नक्कल करून पुन्हा लहानांनाच बुडवू नये.

तिसरा आक्षेप आमच्या त्या रास्त प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थाचा आहे. ज्याने मंटो वाचला नाही, ज्याच्या घरी फाळणीची आठवण नाही, ज्याने ट्रंकही कधी उघडली नाही, त्याने या दालनात काय पाहावे? आपल्या साहित्यशास्त्रकारांनी या प्रश्नाचा फार पूर्वी विचार केला आहे. रसास्वादाला प्रेक्षकाच्या चित्तात पूर्वसंस्कार, त्यांच्या भाषेत वासना, असावी लागते. ती ज्याच्या ठायी नाही त्या प्रेक्षकाला त्यांनी नाट्यगृहाच्या भिंतींच्या आणि दगडांच्या पंक्तीस बसविले आहे. हा न्याय कडक आहे, पण खोटा नाही. आधुनिक मांडणशिल्पाचा एक भ्रम असा की, इंद्रियांना पुरेसे हलविले की संस्कार आपोआप उत्पन्न होतो. तो होत नाही. प्रकाशाने डोळे दिपतात, आवाजाने छाती धडधडते, पण जे मनात मुळी साठलेलेच नाही ते कोणत्याही यंत्राने वर काढता येत नाही. पेटीतला वास मलानी यांनी कृत्रिम रीतीने दालनात पसरविला नाही, याचे आम्हांस समाधान वाटते. ज्याच्यापाशी तो वास आहे तो तो घेऊन येईल. ज्याच्यापाशी नाही त्याला त्याची उणीव जाणवली तरी पुष्कळ झाले.

या ठिकाणी प्रश्न केवळ कलेचा राहत नाही. १९४७ साली जो मुलगा दहा वर्षांचा होता तो आज हयात असल्यास नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. ट्रंक भरताना ज्याने डोळ्यांनी पाहिले असे मनुष्य आता थोडे उरले, आणि लवकरच कोणी उरणार नाही. त्यानंतर घरात राहील ती ट्रंक. पुनर्बांधणीसाठी घर रिकामे करताना प्रत्येक कुटुंबास माळ्यावरचे सामान खाली काढावे लागते, आणि गंजलेली पत्र्याची पेटी नव्या घरात न्यावी की भंगारवाल्यास द्यावी असा प्रश्न पडतो. लहान दिसणारी ही निवड आजोबांच्या त्या जुन्या निवडीची अखेरची खूण आहे, हे नातवाला कोणी सांगितलेले नसते. अमृतसरच्या टाउन हॉलमध्ये २०१७ साली फाळणीचे संग्रहालय उघडले आणि अशा पुष्कळ वस्तूंना तेथे आसरा मिळाला. ते काम अत्यंत मोलाचे आहे. पण संग्रहालयात वस्तू काचेआड जाते, तिच्याखाली चिठ्ठी लागते आणि तिचा प्रश्न मिटतो. कलावंताच्या दालनात तीच वस्तू उघडी राहते आणि तिचा प्रश्न पाहणाऱ्याकडे येतो: तू असतास तर यात काय ठेवले असतेस? संग्रहालय स्मृती राखते. अशी कृती तिला कामास लावते. समाजास दोन्ही हवीत.

मलानी यांच्या दुसऱ्या एका कृतीचा उल्लेख येथे केल्यावाचून राहवत नाही. १९९२ साली त्यांनी मुंबईच्या केमोल्ड कलादालनाच्या भिंतींवरच थेट चित्रे काढली. नाथद्वाऱ्यातील जुनी भित्तिचित्रे दुर्लक्षाने नष्ट होत होती. त्यांची व्यथा त्यामागे होती. पंधरा दिवसांनी ती चित्रे पुसून भिंती पुन्हा पांढऱ्या करण्यात आल्या. विकता आले असते, जपता आले असते, असे काम त्यांनी होऊन पुसू दिले. आपल्याकडील गृहिणीला यात आश्चर्य वाटणार नाही. सकाळी दारात काढलेली रांगोळी संध्याकाळी पायांखाली जाते हे ती रोज पाहते. परंतु रांगोळी उद्या पुन्हा येते म्हणून तिच्या जाण्याचे दुःख नसते. या भिंती पुन्हा रंगल्या नाहीत. ज्यांनी पाहिले त्यांच्यावर आठविण्याची जबाबदारी आली, आणि ज्यांनी ‘पुढच्या आठवड्यात जाऊ’ म्हटले त्यांनी गमावले. निवडीला किंमत लावण्याचा याहून सरळ मार्ग दुसरा कोणता असेल?

तात्पर्य, मांडणशिल्प ही फसवणूक आहे काय, या प्रश्नाला आमचे उत्तर असे की ज्या मांडणीत मनुष्याला काहीच गमवावे लागत नाही ती करमणूक आहे आणि तिला करमणुकीचाच मान द्यावा. ज्या मांडणीत एका बाजूस वळताना दुसरी सुटल्याचे दुःख होते, आणि त्या दुःखातून दुसऱ्या कोणाच्या तरी हातातली पेटी दिसू लागते, ती कला आहे. मग तिच्यात चौकट असो वा नसो, चौथरा असो वा नसो. ‘रिमेंबरिंग टोबा टेकसिंग’ स्फोटाच्या गोंगाटाने काही अंशी स्वतःच्याच आड येते, तरी या अर्थाने ती निःसंशय कला आहे.

आमची एकच सूचना आहे. अशा कृती आजवर मोठ्या शहरांच्या संग्रहालयांत आणि परदेशच्या दालनांत मांडल्या गेल्या. तेथे त्या मांडाव्यातच. पण अंबरनाथ पश्चिमेच्या एखाद्या शाळेच्या सभागृहात, उल्हासनगरच्या हद्दीपासून हाकेच्या अंतरावर, अशा बारा उघड्या ट्रंका काही दिवस ठेवल्या जाव्यात. तेथे तिकिटाची आवश्यकता पडणार नाही, आणि चिठ्ठ्यांचीही बहुधा पडणार नाही. तेथे येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांपाशी तो वास आहे, आणि त्यांचे बोट धरून येणाऱ्या मुलांपाशी तो नाही. दोघे एकाच पेटीवर वाकले तर जे या कृतीला संग्रहालयात साधले नाही ते तेथे साधेल असा आमचा विश्वास आहे. मात्र हे लवकर व्हावयास हवे. ट्रंका पुष्कळ दिवस टिकतील. त्यांवर वाकून सांगणारी माणसे तितकी टिकणार नाहीत.